कडेचं पालथं माणूस

१

पण तिला तो सापडतो का?

हे त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो ओल्या फरशीवर पालथा पडलेला होता. गाल फरशीला चिकटला होता आणि एका डोळ्याने त्याला फक्त चित्रकारकाकांच्या चपला आणि ताईच्या टाचा दिसत होत्या. काका रंग कालवत होते. त्यांनी ऐकलं नसेल, किंवा ऐकून सोडून दिलं असेल. रंगवताना ते एक जुनी कविता म्हणत राहायचे, एका मोठ्या लढाईची, लांबच्या लांब. लढाई संपल्यावर एक बहीण रणांगणावर जाते आणि चिखलात पालथ्या पडलेल्या एकेकाला उताणं करून तोंड बघते. तिचा भाऊ त्यांच्यात आहे. काका इथवर यायचे, थांबायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे.

"ताई, सापडतो का गं तो?"

"हलू नकोस," ताई म्हणाली.

आईबापांच्या मागे ताईनेच त्याला वाढवलं. गल्लीच्या तोंडाशी लॉन्ड्री होती, तिथे ती हॉटेलांच्या चादरी धुवायची. काकांनी तिला खिडकीतून पाहिलं होतं. ओली चादर म्हणजे एका बाईच्या हातचं काम नव्हे, पण ताई एक हात टोकाखाली घालायची, दुसरा मध्यावर, कंबरेतून एक हिसका, आणि फट्ट करून अख्खी चादर दुसऱ्या कुशीवर. काका घरी आले आणि दारातच म्हणाले, "तुला ओलं कापड परतवता येतं तर मेलेलं माणूसही येईल. चित्रासाठी उभी राहशील का?" ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

गल्लीतली पोरं आणि म्हातारे पाळीपाळीने प्रेतं झाले. सगळ्यात कडेला, अगदी चौकटीला लागून, एक पोरगेलं प्रेत हवं होतं. लॉन्ड्रीतल्या फाटक्या चादरीचा एक मातकट झगा ताईने शिवला आणि धाकट्या भावाला घातला. त्याला घरात वळवळ्या म्हणत. नाव खोटं नव्हतं. कधी नाक खाजायचं, कधी मुंगी चावायची, कधी पाय झोपायचा. चिखलाची चमक दिसावी म्हणून काका फरशीवर सारखं पाणी ओतायचे आणि ते पाणी पोटाला लागायचं.

एक दिवस खिडकीखालून पोरांनी शीळ घातली. तो उठला, झगा काढून कोपऱ्यात भिरकावला.

"रोज रोज कोण मरणार? मी चाललो."

"अरे वळवळ्या, थोडंच राहिलंय," ताई म्हणाली. तो तोवर जिन्यात होता. पुन्हा गेलाच नाही.

२

आता तो त्या चित्रासमोर स्टुलावर बसायचा. तेच त्याचं काम होतं.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरचं दालन. छताला काच, त्यामुळे दिवे लावायची गरज पडत नसे. सकाळी ओलं फडकं फिरवायचं, दोरी ताणून बांधायची, माणसं आली की "दोरीच्या आत हात नको" म्हणायचं. मोठ्या माणसांनाही तो पोरांसारखाच दटावायचा. माहिती सांगणाऱ्या बाई त्यावरून त्याला हसत. बाई घोळका घेऊन यायच्या आणि रोज तेच बोलायच्या. ते त्याला पाठ झालं होतं.

"हे चित्र पहिल्यांदा लागलं तेव्हा लोक हसले होते, बरं का. वर्तमानपत्रात छापून आलं, महाकाव्याची नायिका कपडे धुवायला निघालेली दिसते. लोकांना नाजूक बाई हवी होती, रडणारी. हिचे दंड बघा. हिच्या चेहऱ्यावर दुःख नाही, काम आहे. चित्रकाराला इतकं लागलं की त्याने ते काढून, गुंडाळून माळ्यावर टाकलं. कित्येक वर्षं पडून होतं. मग एका अभ्यासकाच्या नजरेला पडलं, त्याने लिहिलं, की हेच खरं चित्र, कारण लढाईनंतर फक्त काम उरतं. आणि आता बघा, सुट्टीच्या दिवशी रांग लागते."

लोक मान हलवायचे. एखादी बाई स्वतःचे दंड पदराआड घ्यायची.

"आणि हे बघा. मेलेल्यांत एकाचाच चेहरा दिसतो. आत्ताच तिने त्याला उताणं केलंय, आणि तो तिचा भाऊ नाही. बाकी सगळे पालथे. आपणही तिच्याबरोबर शोधत राहावं, म्हणून."

ताई गेल्यावर तो कामावर परत आला, त्याच आठवड्यातली गोष्ट. बाई नेहमीसारख्या बोलत होत्या, तो दोरीची गाठ आवळत होता, आणि बाई म्हणाल्या, "मेलेल्यांत दोघांचेच चेहरे दिसतात."

त्याने वर बघितलं.

होते. दोन. पहिला म्हाताऱ्याचा, तोंड उघडं असलेला, नेहमीचा. त्याच्या अलीकडचा, ज्याची फक्त पाठ आणि मानेवरचा चिखल त्याला माहीत होता, तोही उताणा होता. डोळे मिटलेले, कपाळावर ओले केस. आणि ताई, म्हणजे चित्रातली ती, एक पाऊल अलीकडे.

घोळका गेल्यावर तो बाईंना म्हणाला, "बाई, काल तुम्ही एकच म्हणाला होतात."

"एक काय?"

"चेहरा."

"दोन आहेत रे. रोज बघतोस ना?" बाई हसल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण हसू आवरून त्या म्हणाल्या, "जेवलास का नीट?"

त्याच्या खोलीत या चित्राचं कार्ड होतं, खाली दुकानात मिळतं ते. घरी जाऊन त्याने ते दिव्याखाली धरलं. इतकं काळपट छापलेलं, की चिखल कुठला आणि माणूस कुठलं, काही कळेना. आपलंच चुकलं असेल. दुःखात माणसाला कालचं आठवत नाही, असं म्हणतात. त्याला मात्र कालचं सगळं आठवत होतं. तोच तर त्रास होता.

३

चित्र पहिल्यांदा लागलं तेव्हा ताई त्याला घेऊन बघायला गेली होती. दारापर्यंतच. आत लोक हसत होते. ताईने ते ऐकलं, त्याचा हात धरला आणि म्हणाली, "गर्दी आहे रे फार, नंतर येऊ." गल्लीत तिचं नाव चादरवाली पडलं. पोरं त्याला म्हणायची, "काय रे, तुझी ताई मुडद्यांच्या घड्या घालते म्हणे." तो आधी मारामाऱ्या करायचा. मग मारामाऱ्या झेपेनाशा झाल्या, तेव्हा त्याने एक सोपी युक्ती काढली. ताईबरोबर रस्त्याने जायचंच नाही. ती पुढे गेली की तो मागून निघायचा.

पुढे संग्रहालयात नोकरी लागली, आणि तीही नेमकी त्या दालनात, तेव्हा ताईला कोण आनंद झाला. "बरं झालं, माझ्यावर पहारा राहील," ती म्हणाली. तिचा खोकला तेव्हा जुना झाला होता. ती सारखी म्हणायची, "एकदा ने ना रे मला. मी कशी दिसते ते बघू तरी."

"बघू, पुढच्या आठवड्यात."

चित्रातली ती आपली ताई, हे दालनात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं, बाईंनी उलट खुर्ची दिली असती. पण लहानपणी गिळलेलं काही घशात अडकून बसतं, तसं ते बसलं होतं.

एक दिवस ताई स्वतःच आली. कामावरून तशीच, रबरी चपला ओल्या, पुसलेल्या फरशीवर तिच्या पावलांचे ठसे. समोर मोठा घोळका होता, चांगल्या कपड्यांतला. ताई दाराशी थांबली, त्याला शोधलं, आणि हसली. मग तिला खोकला आला आणि तो थांबेना. सगळ्यांनी वळून बघितलं.

बाई पुढे झाल्या. त्यांनी प्रेमानेच विचारलं, "तुझ्या ओळखीच्या आहेत का? बसायला दे ना त्यांना."

"नाही," तो म्हणाला. "मी नाही ओळखत."

ताईने ऐकलं. ती बाईंना म्हणाली, "चुकून आले हो वर. मला दुसरीकडे जायचं होतं." आणि गेली. चित्रापर्यंत पोचलीच नाही. ते ठसे त्याने लगेच फडक्याने पुसले.

त्या दिवशी घरी तिने त्याला वाढलं, भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं, आणि दुसरं काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर ती अंथरुणालाच लागली. ती गेली तेव्हा तो स्टुलावर होता. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, "तुला विचारत होती रे. आला का, आला का."

४

तिसरा चेहरा उताणा झाला त्याआधी आवाज झाला होता.

दालन बंद करायची वेळ. काचेतून अजून भरपूर उजेड येत होता. तो जिन्यापर्यंत गेला होता आणि मागे फट्ट झालं. फार मोठं नव्हे. ओलं, जड, आणि शेवटी किंचित चिकटून सुटल्यासारखं. हा आवाज ओळखायला त्याला थांबावं लागलं नाही. तो त्यातच वाढला होता.

तो परत गेला. कोणी नव्हतं. चित्राखालची फरशी ओली होती. फडकं आपणच नीट पिळलं नसेल, असं म्हणून त्याने ती पुसली. मान वर करायची नाही असं ठरवलं होतं. केलीच.

तिसरा. ती आणखी अलीकडे. चित्राच्या डाव्या टोकाकडून ती निघाली होती आणि उजव्या कडेकडे येत होती, एकेकाला परतवत, काही न वगळता. ताईही कधी चादर वगळायची नाही.

चित्रं दुरुस्त करणारे साहेब तळमजल्यावर बसायचे, त्यांना त्याने हात धरूनच वर आणलं. साहेब भले होते. त्यांनी भिंग लावून बघितलं.

"काय झालंय याला?"

"साहेब, चेहरे वाढताहेत."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "जुनं वॉर्निश असं फसवतं. उजेड बदलला की खालचं वर आल्यासारखं दिसतं. तू तासन् तास बघत बसतोस. मीसुद्धा तसा बसलो तर मला माझी सासू दिसेल." मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "घरी काही झालंय का? कुणी गेलंय का तुझं?"

"नाही," तो म्हणाला.

तोंडातून पटकन गेलं. सवयीने. साहेब जिना उतरेपर्यंत तो तोंडावर हात ठेवून उभा होता, आणि पाठीमागे, भर दुपारी, फट्ट झालं.

५

चित्रकारकाका अजून तिथेच राहत होते, लॉन्ड्रीसमोर. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी रंग सोडला होता. खोलीत रंगाचा वासही उरला नव्हता. चित्राचा एवढा बोलबाला झाला, सत्कार झाले, पण ते कधी संग्रहालयात आले नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा जुना अपमान विसरला नाही.

तो धाप लागलेला आत शिरला आणि बसायच्या आधीच बोलला. "काका, त्या लोकांचे चेहरे तुम्ही काढले होते?"

"एकच काढला. मला चेहरे जमायचे नाहीत रे. म्हणून तर सगळ्यांना पालथं पाडलं." काका स्वतःशीच हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. "किती राहिलेत?"

त्याने सांगितलं. कडेचा, आणि त्याच्या आधीचा.

"माळ्यावर गुंडाळून ठेवलं होतं तेव्हा असं काही नव्हतं," काका म्हणाले. "का ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही."

"कडेचा म्हणजे मीच ना, काका? मला शोधतेय ना ती?"

काकांनी गुडघे चोळले.

"तू पळालास," ते म्हणाले. "झगा कोपऱ्यात पडला होता. दुसरं पोरगं बघतो म्हटलं, तर तुझी ताई म्हणाली, कशाला, आमच्यात काय फरक आहे, पाठमोरे आम्ही सारखेच दिसतो. तिनेच झगा चढवला. लॉन्ड्रीतून सुटली की यायची आणि तुझ्या जागी झोपायची. तुला सांगू नका म्हणाली. पोराला वाईट वाटेल म्हणाली."

तो तिथेच खाली बसला.

"थंडी होती," काका म्हणाले. "मी पाणी ओतायचो. चमक हवी होती ना मला. ती खोकायची, आणि अंग हललं की मी..." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "मी ओरडायचो तिच्यावर. हलू नकोस."

जिना उतरताना त्याला वाटलं, आपण काहीतरी विचारायचं राहिलं. खाली आल्यावर कळलं. तोच लहानपणचा प्रश्न होता, सापडतो का तो. आता विचारायला नको होता.

६

दुसऱ्या दिवशी तो चित्राच्या उजव्या कडेशी गेला आणि दोरीच्या आत वाकला, जे करायला इतकी वर्षं लोकांना नको म्हणत आला तेच.

कडेच्या माणसाचं तोंड चिखलात होतं. झगा मातकट. एक पाऊल चौकटीपर्यंत आलेलं, तळवा वर. त्या तळव्याकडे त्याने हजारदा बघितलं होतं आणि आपलाच समजला होता. टाच भेगाळलेली होती. बारीक, पांढरट, एकात एक गेलेल्या भेगा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहिल्याशिवाय अशी टाच होत नाही. पोराची तर नाहीच.

पाठीमागे बाई घोळक्याला सांगत होत्या, "मेलेल्यांत एकच पालथा राहिलाय. आणि तिचा हात आता त्याच्याकडेच निघालाय. म्हणजे आपल्याला कळतं, तोच तिचा भाऊ. केवढी आशा आहे बघा या चित्रात."

हात निघाला होता. खरंच. एक हात वाकवून खांद्याच्या दिशेने, दुसरा कंबरेच्या.

ती टोकापासून इथवर आली होती, कुणाला वगळलं नव्हतं. हे शेवटचं. हे उताणं केल्यावर तिला भाऊ दिसणार नव्हता. तिला तीच दिसणार होती, ओल्या फरशीवर, दुसऱ्याच्या झग्यात. आणि मग तिला कळणार होतं की भाऊ इथे नव्हताच कधी. उठून गेला होता.

"बाई," तो म्हणाला.

बाईंनी वळून बघितलं, घोळक्यानेही. आता सांगायचं. ही माझी ताई. एवढंच होतं. जीभ टाळ्याला गेली आणि तिथेच राहिली.

"फरशी ओली आहे," तो म्हणाला. "सांभाळून चाला."

७

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. झाडलोट म्हणून सकाळी त्याला आत सोडत.

वर कोणी नव्हतं. काचेतून स्वच्छ ऊन येत होतं, कोपरा न् कोपरा दिसत होता, भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त जिन्याच्या तोंडापासूनच फरशी ओली होती आणि सोड्याचा वास येत होता.

त्याने चित्राकडे तिरक्या नजरेने, जेमतेम बघितलं. कडेचं माणूस जागेवर होतं, पालथं. त्याच्यावर वाकलेली ती नव्हती. ती जिथे असायला हवी होती तिथे नुसता चिखल होता, दोन पावलांनी दबलेला.

जिना मागेच होता. पाय तिकडे वळलेही. खालून रस्त्यावरून कुणीतरी कुणाला हाक मारत गेलं, आणि लहानपणच्यासारखं त्याच्या अंगात आलं की पळावं, एका दमात, खाली उन्हात.

त्याने दोरी सोडली. चपला काढून बाजूला ठेवल्या. चित्राच्या उजव्या कडेखाली, भिंतीला लागून, तो फरशीवर उतरला, पोट टेकलं, हात अंगाखाली घेतले, एक पाय लांब केला, तळवा वर. गाल फरशीला लावला. पाणी शर्टातून आत आलं. एवढं गार असतं हे तो विसरला होता.

नाक खाजायला लागलं. पोटरीत पेटका आला. पलीकडे, दालनाच्या डाव्या टोकाला, रबरी चपला काढून ठेवल्याचा आवाज झाला आणि मग अनवाणी पावलांचा, ओल्या, घाई न करणाऱ्या. पावलं मध्ये मध्ये थांबत होती. कुणीतरी खोकलं, तोंडावर हात धरून, माणसांत खोकावं तसं.

जमिनीला लागलेल्या एका डोळ्याने त्याला टाचा दिसल्या. भेगाळलेल्या, पांढरट. त्याच्या तोंडापाशी येऊन त्या थांबल्या.

एक गार हात त्याच्या खांद्याखाली शिरला. दुसरा कंबरेखाली.

तो हलला नाही.